बँडस्पर्धांत स्वरचित गाण्यांना न्याय मिळतो का?

प्रश्न:
महाविद्यालयीन बँडस्पर्धांत ओळखीची गाणी सफाईने वाजवणारे पुढे जातात आणि स्वतःच्या चाली घेऊन येणारे पहिल्याच फेरीत बाहेर पडतात, असे मला वारंवार दिसते. परीक्षक खरोखरच नावीन्याला बिचकतात का?

प्रतिसाद १:
परीक्षकांच्या आवडीपेक्षा मला दोष गुणपत्रिकेत दिसतो. सुरातालातील चुका मोजता येतात, कल्पकता मोजता येत नाही. त्यातच ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने नवे गाणे आधी ऐकलेले नसल्यामुळे गिटारच्या आवाजाखाली शब्द दबतात, आणि जे ऐकूच आले नाही त्याला गुण कोण देणार? ओळखीच्या गाण्यात ही उणीव श्रोता मनातल्या मनात भरून काढतो.

प्रतिसाद २:
मुंबईचा रॉक मशीन हा बँडही सुरुवातीला इतरांची गाणी वाजवत असे. १९८८ मध्ये त्यांनी स्वरचित गाण्यांचा अल्बम काढला आणि पुढे इंडस क्रीड या नावाने ते देशभर ओळखले गेले. त्यामुळे दुसऱ्यांच्या गाण्यांवर हात बसवण्याला मी कमी लेखणार नाही.

प्रश्नकर्ता:
हे मान्य आहे. तरीही आयोजकांनी निदान एक स्वरचित गाणे सक्तीचे करावे आणि त्याचे ध्वनिमुद्रण परीक्षकांना व ध्वनितंत्रज्ञाला आधीच पाठवावे, असे मला मनापासून वाटते.