चार आठवड्यांची ताई

कृष्णाकाठची
परवा आपल्या सांगलीकरांच्या गटात विश्रामबागेतल्या एका मुलीने लिहिले, की ती मे महिन्यात चार आठवडे काठमांडूला जाऊन लैंगिक शोषणातून सुटलेल्या मुलींच्या निवाऱ्यात इंग्रजी आणि चित्रकला शिकवणार आहे, त्यासाठी मध्यस्थ कंपनीला लाखभर रुपये भरायचे आहेत, तरी सर्वांनी हातभार लावावा. खाली बदामांचा पाऊस पडला. मला मात्र राग आला आणि तो दोन दिवसांनंतरही उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अकरा वर्षे अशाच एका निवासी संस्थेत गृहमाता होते. आमच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी होती. नवी ताई आली की नाव विचारण्याआधी ती 'कधी जाणार?' असे विचारत असे. 'वीस तारखेला' असे उत्तर मिळाले, की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाचा हिशेब लिहिलेल्या त्या चौकटीच्या कोपऱ्यात, ती एक टिंब काढी. टिंबाच्या दिवशी तिला ताप येई. ढोंग नव्हे, तापमापकात दिसणारा एकशे एक ताप. तायांना हे कधी कळले नाही, कारण त्या तोवर गाडीत बसलेल्या असत. ज्या मुलीला जवळच्याच माणसाने गोड बोलून फसवले आहे, तिच्यापुढे दर महिन्याला एक नवे गोड बोलणारे माणूस उभे करायचे, याला मदत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मिरज_जंक्शन
ताई, आपल्या अनुभवाचा आदर राखून म्हणतो, की 'बाहेरच्यांनी येऊ नये' हा नियम आपल्या पूर्वजांनी लावला असता तर मिरजेत डॉ. वानलेस आले नसते, १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभे राहिले नसते आणि आपल्यापैकी निम्म्यांचे आजोबा आतड्याला पीळ पडून गेले असते. माझ्या आजीचे ऑपरेशन तिथेच झाले होते. एक तरुण मुलगी सुट्टीत गोव्याला न जाता दुसऱ्याच्या दुःखाकडे वळते आहे, तर तिच्यावर आपण सगळे तुटून पडतो. उद्या ती काहीच करणार नाही, तेव्हा पुन्हा आपणच म्हणू की आजची पिढी आत्मकेंद्री आहे.

कृष्णाकाठची
वानलेस शल्यचिकित्सक होते, मराठी शिकले आणि तीन दशकांहून अधिक काळ इथे राहिले. चार आठवडे येऊन रुग्णांना चित्रकला शिकवून ते परत गेले असते, तर वानलेसवाडी हे नाव कशाला पडले असते? आपण आपलेच उदाहरण पुन्हा एकदा वाचावे.

हरिपूरकर
मुळात काठमांडू कशाला हवे? आपल्या सांगलीतली वेश्यावस्ती, गोकुळनगर, रिक्षाने किती लांब आहे? या शहरात हयात गेलेल्या लोकांनी त्या गल्लीत कधी पाऊल टाकलेले नाही, आणि पुण्य कमवायला मात्र विमान लागते. तिथल्या पीडित बायकांना आधी बाहेर काढा, मग नेपाळ.

गल्लीतलीच
हरिपूरकर, 'बाहेर काढा' हे शब्द आपण कोणाला विचारून वापरलेत? १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद याच सांगलीत उभी राहिली, ती बायकांनी स्वतःविषयी स्वतः बोलावे म्हणून. अमेरिकेने एड्सच्या निधीला वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट घातली, तेव्हा २००५ मध्ये या बायकांसोबत काम करणाऱ्या सांगलीच्याच 'संग्राम' संस्थेने तो पैसा नाकारला. माझी आई त्या गल्लीत कंडोम वाटत फिरायची. छाप्यात 'सुटका' झालेल्या सज्ञान बाईला १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने एक ते तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. तिचे मूल बाहेर, ती आत, आणि वर्तमानपत्रात लिहिणार की तिला सोडवले! मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावे लागले, की स्वखुशीने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक करू नये, तिला त्रास देऊ नये. आम्हाला सरसकट पीडित म्हणू नये.

हरिपूरकर
स्वखुशीने! कर्नाटकातून यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुलीची खुशी कोणत्या तराजूत मोजायची, तेही सांगून टाका. मी सांगली स्थानकावर तीस वर्षे नोकरी केली आहे. रात्रीच्या गाडीतून कोण कोणाला घेऊन उतरते, ते मी पाहिले आहे. मला शिकवू नये.

गल्लीतलीच
तीस वर्षे पाहिलेत ना? त्यांतल्या किती वेळा तक्रार नोंदवलीत?

हरिपूरकर
दोनदा. पहिल्या वेळी ठाण्यात मलाच विचारले, की तुम्ही त्या मुलीचे कोण. दुसऱ्या वेळी मुलगी सापडली आणि तिचा मामा जामिनावर सुटला. झाले समाधान?

गल्लीतलीच
दोनदा केलीत, हे मान्य. बाकीचे मान्य नाही. अल्पवयीन मुलीविषयी माझा वाद नाही, कधीच नव्हता. तिला बाहेर काढलेच पाहिजे, आणि गल्लीतल्या बायकाही तेच म्हणतात. सज्ञान बाई आणि लहान मुलगी यांना एकाच टोपलीत घालणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

कृष्णाकाठची
आपण दोघे वेगळा धागा काढाल तर बरे होईल. काठमांडूतल्या त्या निवाऱ्यात मुली आहेत आणि चार आठवड्यांची ताई तिथे काय करणार, हा प्रश्न तसाच पडून आहे.

अजिंक्यतारा
मी साताऱ्याची असून व्यवसायाने लेखापाल आहे. तीन वर्षांपूर्वी मी काठमांडूतल्या अशाच एका संस्थेत अडीच महिने काम केले, त्यामुळे बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा. पहिल्याच दिवशी मला कार्यालयाची मागची खोली दाखवली गेली आणि मुलींचा निवारा कोणत्या भागात आहे, हे मला शेवटपर्यंत सांगण्यात आले नाही. मला ते झोंबले. एवढ्या लांब येऊन पावत्याच चिकटवायच्या होत्या तर साताऱ्यात काय वाईट होते, असे मी घरी फोनवर म्हणालेही. संस्थेच्या हिशेबनीस बाई स्वतः लहानपणी मुंबईत विकल्या गेल्या होत्या. माझे काम एवढेच, की त्यांचे हाताने लिहिलेले खतावणीचे काम संगणकावर आणायचे आणि मी गेल्यावर ते त्यांना एकट्याने चालवता आले पाहिजे.

तिथेच मला शक्ती समूहाविषयी कळले. १९९६ साली मुंबईतल्या छाप्यांत सुटलेल्या नेपाळी मुलींना परत घ्यायला त्यांचे सरकार तयार नव्हते. त्या मुली कित्येक महिने इथल्या सुधारगृहांत पडून राहिल्या आणि मायदेशी गेल्यावर त्यांच्यातल्याच काही जणींनी ही संस्था काढली. २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना मुंबईची हिंदी आपल्यापेक्षा बरी येते आणि महाराष्ट्राच्या सुधारगृहांविषयी त्या जे सांगतील, ते ऐकायला आपल्याला जड जाईल. अशा बायकांना आपण 'प्रेम द्यायला' निघालो आहोत, हे मला त्या मागच्या खोलीत बसल्यावर उमगले.

मिरज_जंक्शन
म्हणजे गेलात, उपयोगी पडलात आणि तरी जाऊ नका म्हणता. वा!

अजिंक्यतारा
'जाऊ नका' असे मी कुठेही लिहिलेले नाही. पाहुण्याला पहिल्याच दिवशी मुलींमध्ये सोडणारी, त्यांच्यासोबत छायाचित्र काढू देणारी संस्था असेल तर मात्र जाऊ नये. आपल्याकडे अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करणे पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा आहे. मग सीमा ओलांडली की तोच फोटो भिंतीवर लावायला चालतो का?

विश्रामबागची_मीच
ती मुलगी मी. दोन दिवस वाचते आहे आणि रडूनही झाले आहे, त्याचाही हिशेब दिनदर्शिकेत लिहावा. मी मध्यस्थ कंपनीला विचारले, की मी गेल्यानंतर तो वर्ग कोण घेणार आणि माझी पोलीस पडताळणी कोण करणार. पहिल्या प्रश्नाला उत्तर आले, की पुढची तुकडी जूनमध्ये येते. दुसऱ्याला उत्तर आले नाही, पण पैसे भरण्याची मुदत आठवडाभर वाढवून मिळाली. मी नाव मागे घेतले आहे. सर्वांचे समाधान झाले असेल. माझे बी.कॉम. झालेले आहे आणि टॅली येते. अजिंक्यताराताई, मे महिन्यात त्या मागच्या खोलीत जागा असते का?

अजिंक्यतारा
मे महिन्यात येऊ नये. नेपाळचे आर्थिक वर्ष आषाढअखेरीस संपते, त्यामुळे खरी ओढाताण जूनपासून असते आणि चार आठवड्यांत काहीही होत नाही. तीन महिने काढता येत असतील तर मला निरोप पाठवावा. तारखा विक्रम संवतात असतात, त्याची सवय आधीच करून ठेवावी.

कृष्णाकाठची
आणि पोलीस पडताळणीचा दाखला इथूनच काढून न्यावा. कोणी मागितला नाही तरी.