वॉटसन्स हॉटेलचा जॉन वॉटसन: मुंबई घडवणारा की फक्त भूखंड साधणारा?

कोटाबाहेरचा

काळा घोड्याला डेव्हिड ससून वाचनालयाच्या ओळीत जी रिकामी केलेली जुनाट इमारत उभी आहे ती एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे मूळचं वॉटसन्स हॉटेल. तिच्याबद्दल कुणालाही विचारा, एकच गोष्ट ऐकायला मिळते: जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी ताज बांधलं. ज्याच्या नावाचं हॉटेल, तो जॉन वॉटसन या गोष्टीत नुसता दार अडवणारा म्हणून उरतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

वॉटसन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंबरलंडचा, धंद्याने कापडवाला. मुंबईत त्याचं दुकान चांगलं चालत होतं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला, इथल्या कापसाला मागणी आली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअरने कोटाच्या भिंती पाडायला काढल्या आणि एस्प्लनेडची, म्हणजे कोटाबाहेरच्या मैदानाची, मोकळी जमीन विक्रीला आली. वॉटसनने तिथे जागा घेतली. मूळ विचार दुकान आणि कार्यालयांचा होता, पुढे त्याचं हॉटेल झालं. 1865 ला शेअरबाजार कोसळला, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे रिक्लमेशन कंपनीत भल्याभल्यांची धूळधाण झाली. अशा मंदीत या माणसाने रोलंड मेसन ऑर्डिशकडून आराखडा घेतला, अख्खा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून घेतला, जहाजाने आणला आणि इथे जोडला. 1867 ते 1871 या काळातलं हे काम. ऑर्डिश म्हणजे लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावर काम केलेला आणि पुढे अल्बर्ट ब्रिज बांधणारा इंजिनिअर. असा माणूस कापडवाल्याने शोधून काढावा, ही साधी गोष्ट नाही.

माझं म्हणणं: वॉटसनला मुंबईच्या घडवणाऱ्यांत जागा द्या आणि त्याची इमारत वाचवा. मतं मांडा.

शालिनी_गिरगाव

इमारत वाचवा, याला माझा विरोध नाही. पण वॉटसनला 'घडवणारा' म्हणायला माझी तयारी नाही. हॉटेल गोऱ्यांसाठी होतं. रेस्टॉरंटमध्ये वाढायला इंग्रज मुली आणल्या होत्या. मग खालची कामं कोण करत होतं?

1896 च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. खिडकीबाहेरच्या कावळ्यांबद्दल त्याने लिहिलेलं सगळे कौतुकाने सांगतात. त्याच प्रवासवर्णनात तो आणखी एक प्रसंग सांगतो, तो कुणी सांगत नाही. खोली दाखवायला आलेल्या धिप्पाड जर्मन माणसाला दाराचं काहीतरी खटकलं. एक भारतीय नोकर गुडघे टेकून ते नीट करायला लागला, तर काय चुकलं हेही न सांगता त्या जर्मनाने त्याच्या जबड्यावर फटका मारला. नोकर गप्प राहिला. ट्वेनला आपलं मिसुरीतलं लहानपण आठवलं, तिथल्या गुलामांना असंच मारत असत.

हॉटेलमालकाचं मोठेपण मोजताना त्या गुडघे टेकलेल्या माणसाला हिशेबात धरा, एवढंच माझं म्हणणं आहे.

कोटाबाहेरचा

शालिनीताई, तो प्रसंग मीही वाचला आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण हॉटेल उभं राहिल्यावर पंचवीस वर्षांनी घडलेला तो प्रसंग आहे. त्या जर्मनाच्या फटक्याचा हिशेब बांधणाऱ्याच्या खात्यावर कसा टाकायचा?

शालिनी_गिरगाव

कारण कोण आत येईल आणि कोण गुडघे टेकेल, हे हॉटेल सुरू झालं तेव्हाच ठरलं होतं. पुढच्यांनी तेच चालू ठेवलं.

बीडकाम

मी बांधकाम क्षेत्रातला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वॉटसन चांगला होता की वाईट यावर इथे भांडण चाललंय, पण त्याने नेमकं काय उभं केलं हे कुणी बोलत नाही.

त्या काळी मुंबईत मजले चढवायचे म्हणजे जाड दगडी किंवा विटांच्या भिंती घ्यायच्या, वरचा भार भिंतीने खाली न्यायचा. जितके मजले, तितकी तळाची भिंत जाड. वॉटसनच्या इमारतीत भार बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि लोखंडी तुळया घेतात. भिंती नुसत्या मधली जागा भरतात. आज दादर-ठाण्यात जी काँक्रीटची इमारत उभी राहते तिचं तत्त्व हेच आहे, फक्त सामान वेगळं. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात, ती 1885 ची. आपली काळा घोड्याची तिच्या आधीची.

आता दुसरी बाजू. बीड दाबाला भक्कम, ताणाला कमकुवत, आणि तुटताना आधी वाकून सूचना देत नाही. त्यावर समुद्राची खारी हवा, मुंबईचा पाऊस, आणि साठच्या दशकात हॉटेल बंद पडल्यावर आत पाडलेल्या खोल्या, पोटमाळे, पाण्याच्या टाक्या. सिव्हिल कोर्ट जवळ म्हणून वकिलांची चेंबर्स भरली. ऑर्डिशने हिशेबात न धरलेलं वजन आपण चढवलं आणि गंज काढायला कुणी आलं नाही. 2005 च्या जुलैत दर्शनी सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. दोष सांगाड्याचा नव्हता, दुर्लक्षाचा होता.

म्हणून मी वाचवण्याच्या बाजूने आहे. गंजलेला भाग बदलता येतो. बिडाचा सांगाडा तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो, तसाच तो उलगडताही येतो.

पागडीवाला

बीडकाम साहेब, 'दुर्लक्ष' म्हणून मोकळे झालात. कुणाचं दुर्लक्ष? भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडत नाही असं मालक म्हणणार, भाडेकरू म्हणणार आम्ही उपकर भरतो तर म्हाडाने करावं, म्हाडाचं दुरुस्तीचे पैसे मंजूर करण्याचं प्रमाण ठरलेलं, त्यात वारसा वास्तूचं काम बसत नाही. 2019 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली. आयआयटीचा अहवाल आला की दुरुस्ती परवडणारी नाही, पाडा. वारसावाल्यांनी विरोध केला, दुसऱ्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचं सांगितलं. या सगळ्यात जो माणूस पन्नास वर्षं तिथे दुकान चालवत होता तो रस्त्यावर आला.

माझ्या घरचेही अशाच एका जुन्या इमारतीतून बाहेर पडले आहेत, संक्रमण शिबिरात राहणं काय असतं ते मला माहीत आहे. वॉटसनने मंदीत धाडस केलं याचं कौतुक मला सांगू नका. त्याने स्वतःच्या फायद्यासाठी जमीन घेतली, बांधलं, कमावलं. आजच्या बिल्डरपेक्षा तो वेगळा कसा? आजच्या बिल्डरचा पुतळा उभारायचा का?

हॅरोची_मुक्ता

लंडनच्या हॅरो भागात राहते, आमच्याकडचं एक उदाहरण देते. फ्रेडरिक गॉर्डन नावाचा वकील हॉटेलधंद्यात शिरला. ट्रफाल्गर चौकाजवळचा नॉर्थम्बरलंड हाउस नावाचा जुना वाडा 1874 मध्ये पाडला गेला, त्या जागेवर त्याचं ग्रँड हॉटेल 1880 ला उघडलं. मग मेट्रोपोल, ब्रायटनचं मेट्रोपोल, असं वाढतच गेलं. 1882 मध्ये त्याने स्टॅनमोरची बेंटली प्रायरी ही इस्टेट घेतली, तिचं हॉटेल केलं, आणि पाहुणे यावेत म्हणून 1890 मध्ये हॅरोहून रेल्वेचा फाटाच टाकून घेतला. हॉटेल काही चाललं नाही. पण त्याने आखलेल्या रुंद रस्त्यांवर आजही माणसं राहतात, एका रस्त्याला त्याचं नावही आहे. प्रायरीतून पुढे दुसऱ्या महायुद्धात हवाईदलाच्या फायटर कमांडचा कारभार चालला.

पागडीवाले, तुमचा प्रश्न रास्त आहे. हे लोक नफ्यासाठीच बांधतात. पण नफा संपल्यावर मागे काय उरतं, त्यावरून त्यांच्यात फरक करता येतो. गॉर्डनचे रस्ते उरले. वॉटसनचा सांगाडा उरलाय, अजून तरी.

शालिनी_गिरगाव

मुक्ता, उरलेल्या गोष्टींतली एक मीच जोडते, मघाशी मी फक्त एक बाजू मांडली होती. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या इथेच. सहा फिती, तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरला गेले, तिथे चार आण्यांपासून तिकिटं लागली. ते खेळ पाहून छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनची कुस्ती चित्रित केली.

पण हेही बघा: सिनेमा सामान्य मुंबईकराचा झाला तो नॉव्हेल्टीच्या चार आण्यांत, वॉटसनच्या एक रुपयात नाही. इमारत वाचवायची तर दारावर ही दोन्ही वाक्यं लिहा.

कोटाबाहेरचा

हे मला पूर्ण मान्य आहे. ट्वेनने पाहिलेला प्रसंगही त्याच पाटीवर यावा.

फक्त जमशेटजींची गोष्ट तेवढी नको. तिला त्या काळचा कागदोपत्री पुरावा नाही. काही जण ती वॉटसनची सांगतात, काही जण पाइक्स अपोलो हॉटेलची. ताज उघडलं 1903 मध्ये, म्हणजे या हॉटेलनंतर तीस वर्षांनी. मधल्या काळात मुंबईत प्लेग आला, शहराची रया गेली होती आणि जमशेटजींना आपल्या शहरात उत्तम हॉटेल हवं होतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या कामाला अपमानाचा सूड म्हणणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

पागडीवाले, पुतळा कुणीच मागत नाही. इमारत दुरुस्त झाली तर जुन्या गाळेधारकांना त्यांच्या जागा परत मिळाव्यात, ही अट पहिली. ती नसेल तर इमारत वाचवण्याच्या मागणीवर मीही सही करणार नाही.

पागडीवाला

ही अट लेखी आली तर माझा विरोध मागे. पण अनुभव सांगतो, वारसा म्हणून दुरुस्त झालेल्या जागेत आधी हॉटेल येतं, मग महागडी दालनं. गाळेधारकाला 'भाडं परवडणार नाही' असं सांगतात. दुरुस्तीचा पैसा सरकारने घातला, तरच अट पाळली जाईल. मालकाने घातला तर तो वॉटसनसारखाच हिशेब करणार. आधी पैसा कोण घालणार ते ठरवा, सहीचं मग बघू.