चातुर्मासात व्हीगन पास्ता: कांदा, लसूण आणि चीज वगळून सॉस कसा करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. माझी आई चातुर्मास पाळते, त्यामुळे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत तिला कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते; शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आलेली भाची व्हीगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप आणि मध यांपैकी काहीही तिला चालत नाही. रोजच्या भाजी, भाकरी, आमटीवर दोघींचेही उत्तम भागते. अडचण येते ती रविवारी रात्री, कारण त्या दिवशी परदेशी काहीतरी करण्याची आमच्या घरची रीत आहे आणि दोघींसाठी दोन वेगळी पातेली चढवण्याची माझी तयारी नाही.

पास्ता स्वतः निर्दोष आहे. कोरडा पास्ता साधारणतः ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो (आपला बन्सी रवाही याच गव्हाचा), अंडे घातलेला ताजा पास्ता तेवढा टाळावा लागतो. खरा प्रश्न सॉसचा आहे. ऑलिव्ह तेलात लसूण आणि लाल मिरची परतून केलेला आल्यो ए ओल्यो मुळातच व्हीगन, पण लसूण काढला तर त्यात उरते काय? अख्खे मसूर, तांदूळ आणि खरपूस तळलेला कांदा यांची अरबी मुजद्दरा भाचीला फार आवडते. परंतु लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे राहून कांद्याविना मुजद्दरा करणे मला तरी पटत नाही. बाबा गनूश वांग्यामुळे बाद होते. पांढरे सॉस दुधामुळे जातात, आणि खऱ्या पार्मेजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे विकर) असल्यामुळे ते आईलाही चालत नाही.

राहतो तो टोमॅटोचा सॉस. पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ जवळ असल्याने टोमॅटोला तोटा नाही, पण लांबच्या प्रवासात टिकणारे हे संकरित टोमॅटो जाड सालीचे आणि टणक असतात, आणि त्यांचा सॉस आंबट व पाणचट होतो. बियांभोवतीच्या गरात चव अधिक असते म्हणून तो काढून टाकणे मला मान्य नाही. टोमॅटो अर्धे कापून ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून घ्यावेत, की कढईतच तेल सुटेपर्यंत आटवावेत? गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात सावकाश परतल्यास कांद्याची गोडी भरून निघते का? हिंग घातला की आईला आवडते, मात्र भाचीच्या मते मग ती टोमॅटोची आमटी होते, आणि तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

चीजऐवजी दक्षिण इटलीत पावाचा चुरा तेलात कुरकुरीत भाजून वरून पेरतात, ही युक्ती मला फार आवडली. बाजारातले व्हीगन चीज कृपया सुचवू नये; मुळातच दुधाशिवाय होणारे पदार्थ हवे आहेत. त्या दृष्टीने सीरियाची मुहम्मारा ही भाजलेली लाल ढोबळी मिरची, अक्रोड, पावाचा चुरा आणि आटवलेला डाळिंबाचा रस यांची चटणी मला आशादायक वाटते. ती लसणाविना करून पास्त्याच्या पाण्याने सैल केली तर सॉस म्हणून चालेल का, आणि आपल्याकडच्या भगव्या डाळिंबाचा रस आटवताना लिंबू किती घालावे लागते?

जपानमधील बौद्ध मठांच्या शोजिन र्‍योरी या शाकाहारी पाकपरंपरेतही कांदा-लसूण वर्ज्य असतो आणि कोम्बू हे समुद्री शेवाळ व सुके शिताके मशरूम भिजवून रस्सा काढतात. असा रस्सा कोणी घरी केला असल्यास प्रमाण सांगावे. आई मशरूम खाते, मात्र शेवाळाचे नाव काढल्यावर तिचा चेहरा बदलला, त्यामुळे केवळ शिताकेवर भागत असेल तर अधिक बरे. नाशिकमध्ये कॉलेज रोड परिसरात सुके शिताके कुठे मिळतात, हेही कृपया कळवावे.