आई-बाबांचं ग्रीन कार्ड : शारजाहचं पोलीस प्रमाणपत्र निपाणीत बसून कसं काढायचं?

निपाणीचा_धाकटा
नमस्कार मंडळी. थोरली बहीण अमेरिकन नागरिक आहे. तिने आई आणि बाबांसाठी वेगवेगळे आय-१३० (नातेवाइकांच्या ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज) भरले होते, ते मंजूर होऊन केस एनव्हीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे आली आहे. बाबा २००३ मध्ये सात महिने बहरीनला आणि २००४ ते २०१३ यूएईत शारजाहला होते. आई तिथं २००९ ते २०११, म्हणजे वीसेक महिने राहिली. आता दोघंही इथंच.

१) दहा वर्षं उलटून गेली, तरी तिकडचं पोलीस प्रमाणपत्र (गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला) लागतं का?
२) आईकडे एमिरेट्स आयडी (यूएईचं ओळखपत्र) नाही. तिचं कसं करायचं?
३) कोल्हापूरचा एक एजंट म्हणतो, अर्जाला जोडायचं बोटांच्या ठशांचं कार्ड द्या, मुंबईच्या मंत्रालयातून अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानावा म्हणून लावायचा शिक्का) करून देतो. बरोबर आहे का?
४) भारताचं पीसीसी (इथलं पोलीस प्रमाणपत्र) आधी काढू की नंतर?

कागदवाला_खानापूर
दहा वर्षांची अट कॅनडाच्या कागदांत असते, ती इथं लावू नका. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाला मागची मर्यादाच नाही. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिलेलं असलं की त्या देशाचं प्रमाणपत्र लागतं, मग ते १९९५ सालचं का असेना. स्वतःच्या देशाला सहा महिन्यांची अट. अटक झाली असेल तर मुदत बघत नाहीत, त्या देशाचं लागतंच.

म्हणजे बाबांचं यूएई आणि भारत, आईचंही यूएई आणि भारत. बहरीन सात महिनेच, तिथं काही भानगड झाली नसेल तर सोडून द्या. पण डीएस-२६० मध्ये (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात, तिथं बहरीन लिहायचंच. प्रमाणपत्र लागत नाही म्हणून पत्ता गाळला की मुलाखतीत उगाच प्रश्न निघतो.

चौथ्याचं उत्तर : यूएई आधी, भारत शेवटी. पोलीस प्रमाणपत्र दोन वर्षं धरतात. मात्र सोडून आलेल्या देशाचं असेल आणि त्यानंतर तिकडे परत गेलेला नसाल, तर ते जुनं झालं तरी चालतं. तेव्हा प्रमाणपत्र हातात आल्यावर बाबांनी दुबईला फेरी मारू नये. भारताचं मात्र इथंच राहत असल्यामुळे कालबाह्य होतं. आज घाईनं काढलं आणि मुलाखत लांबली, तर पुन्हा ५०० रुपये आणि पुन्हा रांग.

ठसे_आणि_शिक्के
तिसऱ्या प्रश्नावर थांबा जरा, सीमाभागातली माणसं नेमकी इथंच फसतात.

यूएई अपोस्टिल करारात नाही. त्यामुळं अपोस्टिलचा स्टिकर यूएईच्या वकिलातीत कामाचा नाही. साखळी अशी लागते : पोलिसांची सही, मग राज्याच्या गृहखात्याचं साक्षांकन (ती सही खरी असल्याचा शिक्का), मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी यूएईची वकिलात. आणि कार्डावर सही कर्नाटकच्या पोलीस अधिकाऱ्याची असेल तर गृहखातंही कर्नाटकचंच, म्हणजे बेंगळुरू. मुंबईच्या मंत्रालयाकडे बेळगाव जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना नसतो, ते कशाच्या जोरावर शिक्का मारणार? निपाणीहून कोल्हापूर जवळ म्हणून ही चूक होते. परराष्ट्र मंत्रालयही कागद थेट हातात घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संकलन केंद्रांमार्फतच द्यावा लागतो.

ठसे कुठं द्यायचे : बेळगाव शहर हद्दीत पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्याला एसपी कार्यालय. खिडकीवर 'फिंगरप्रिंट'पेक्षा 'बेरळच्चु' म्हटलं तर लवकर कळतं. सोबत कन्नड किंवा इंग्रजी अर्ज, कुठल्या देशासाठी हवेत ते, पासपोर्टची प्रत, केसचं पत्र आणि दोन फोटो न्या.

कार्डावर काळ्या शाईनं दहाही बोटं एकेक करून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवून, खाली चार-चार बोटं सपाट आणि दोन्ही अंगठे. शाई जास्त झाली की रेषा बुजतात आणि कार्ड परत येतं. निपाणीकडं तंबाखू, विडी, शेतीत हात झिजलेली माणसं पुष्कळ, त्यांच्या रेषाच उमटत नाहीत. आठ-दहा दिवस आधीपासून रोज रात्री हाताला खोबरेल लावा, पण त्या दिवशी साबणानं धुऊन हात कोरडे करून जा. मेंदी असेल तर ती जाऊ दे, मग ठसे द्या. बोट तुटलं असेल तर त्या चौकोनात तसं लिहून घ्या, रिकामा सोडू नका.

एकाच खेपेत तीन कार्डं करून घ्या. शिक्का कन्नडमध्ये असेल तर खाली अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि तारीख इंग्रजीत लिहून घ्यायला विसरू नका. कार्डावर पासपोर्ट नंबर हवा. घडी घालायची नाही, पुठ्ठा लावून पाठवायचं.

निपाणीचा_धाकटा
फार उपकार झाले. अर्ज शारजाह पोलिसांकडे करायचा का? आणि आईचा आयडी नाही, त्याचं काय?

कागदवाला_खानापूर
'शारजाहला राहत होते' म्हणजे व्हिसा शारजाहचाच, असं नाही. भाडं स्वस्त म्हणून राहायचे शारजाहला आणि कंपनी दुबईची, हे नेहमीचं. जुन्या पासपोर्टमधलं व्हिसाचं पान काढून फाईल नंबर बघा : २०१ ने सुरू असेल तर दुबई, ३०१ असेल तर शारजाह. दुबईचा असेल तर दुबई पोलिसांकडे अर्ज करता येतो. शारजाह आणि बाकी अमिरातींसाठी यूएईच्या गृहमंत्रालयाच्या ऑनलाइन सेवेतून. देशाबाहेरून अर्ज करणाऱ्याला ते साक्षांकित ठशांचं कार्ड जोडावं लागतं.

आईंच्या वेळी परदेशी कुटुंबीयांना आयडी सगळीकडे मिळालेले नव्हते. त्यांच्या जुन्या पासपोर्टमधलं व्हिसाचं पान, त्यावर फाईल नंबर आणि असेल तर यूआयडी क्रमांक (आधार नव्हे, यूएईच्या नोंदीतला), शिवाय आत-बाहेरचे शिक्के, एवढं जोडा. तेव्हा कोपरा कापून परत दिलेले रद्द पासपोर्ट ट्रंकेतून हुडकून काढा, टाकून दिले असतील तर काम अवघड होतं.

अर्जात इंग्रजी प्रत निवडा, म्हणजे भाषांतराचा खर्च वाचतो. फी भरताना ओटीपी येऊन पैसे जात नसतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतो, तो चालू करा.

शेजारची_वहिनी_चंदगड
नावाकडंही बघा दादा. २००४ च्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एका ओळीत असायचं, नव्यात आडनाव वेगळं. यूएईच्या नोंदीत जुनं रूप असतं. अर्जाला दोन्ही पासपोर्टच्या प्रती लावायच्या. आईंचं लग्नात पहिलं नावही बदललं असेल, तर माहेरचं पूर्ण नाव डीएस-२६० च्या 'इतर नावे' रकान्यात द्यायचंच.

जन्मस्थळ जुन्या पासपोर्टात 'बेळगाम' आणि नव्यात 'बेळगावी' असेल तर घाबरू नका, शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. अर्ज भरताना चालू पासपोर्टात जसं आहे तसंच. निपाणीचं तसंच, जुन्या कागदावर 'तालुका चिक्कोडी' दिसेल.

ठसे_आणि_शिक्के
आता भारताचं पीसीसी. पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर अर्ज, फी ५०० रुपये. बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात चालतं, २०२२ च्या सप्टेंबरअखेरपासून पोस्टातल्या केंद्रांतही पीसीसी घेतात. तिथं वेळ मिळाली नाही तर हुबळी. देशाच्या रकान्यात अमेरिका निवडा, प्रमाणपत्रावर देश छापून येतो आणि एका देशाचं दुसऱ्याला चालत नाही. पोलीस ठाण्यातून किंवा सेवा सिंधूवरून (कर्नाटक सरकारचं सेवा पोर्टल) निघणारा पडताळणी दाखला वेगळा, तो घेऊन मुंबईला मुलाखतीला जाऊ नका.

चालू पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्याशी जुळला आणि पडताळणी आधीची स्वच्छ असली तर त्याच दिवशी मिळू शकतं. पत्ता बदललेला असेल तर कागद निपाणी ठाण्याला येतो. त्या आठवड्यात आई-बाबा घरी असू द्यात, आणि शेजारच्या दोघांचे आधार तयार ठेवा.