शोकसंदेशाचा पहिला मसुदा एआयकडून घ्यावा का?

दौत (धागाकर्ती)
गेली सोळा वर्षं मी संस्थांसाठी जनसंपर्काचं काम करते. मागच्या महिन्यात आमचा एक सहकारी अचानक गेला. दोन तासांत सगळ्यांना मेल जायला हवी होती. वरिष्ठांनी एआयकडून मसुदा काढला आणि 'फक्त नजर टाका' म्हणून माझ्याकडे पाठवला. व्याकरण निर्दोष. 'त्यांची उणीव कायम जाणवेल' हेही होतं. पण कसली उणीव, कुणाला, याचा पत्ता नाही. मी त्याच्या टीममधल्या दोघांना फोन केले. एकीने सांगितलं, नवीन आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी स्वतः टेबलाटेबलापाशी नेऊन ओळख करून द्यायचा. ते वाक्य पत्रात गेलं. मेल पाऊण तास उशिरा गेली आणि मला बोलणी खावी लागली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गोळीबारात तीन विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर वँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातल्या एका विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारी मेल पाठवली. एकमेकांना सांभाळू या, असा तिचा सूर. तळाशी मजकूर चॅटजीपीटीवरून घेतल्याची नोंद होती. विद्यार्थी दुखावले, विभागाला माफी मागावी लागली.

माझं म्हणणं असं: समोरचा माणूस दुःखात किंवा भीतीत असेल, तिथे पहिला मसुदाही माणसानेच लिहावा.

उलटतपासणी
असहमत. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याआधी आपण काय करत होतो? शोकसंदेशाचा साचा फोल्डरमध्ये तयार असायचा, नाव आणि तारीख बदलून पाठवायचा. साहेबांचं भाषण साहेब वाचतात, लिहितो आपण. दुसऱ्याच्या नावाने लिहिणं हाच आपला व्यवसाय आहे, मग 'माणसाने लिहिलेलं' म्हणजे नक्की कोणत्या माणसाने?

माझा विभाग दोघांचा आहे. बैठकीची टिपणं, एकाच मजकुराची पाच ठिकाणांसाठी पाच रूपं, हे सगळं एआय करतो. तुम्ही जे दोन फोन केलेत, त्यासाठीचा वेळ असाच काढावा लागतो. आणि माझी सहकारी लिहायला फार बिचकायची. आता ती स्वतःचं निवेदन स्वतः तयार करते. तिचं बळ मी काढून घेणार नाही.

पानगळ
मी या व्यवसायातली नाही, पत्र मिळणारी आहे. वडील गेल्यावर एका कंपनीकडून सांत्वनाचं पत्र आलं, तेही वडिलांनाच उद्देशून. तेव्हा एआय नव्हतं, ते माणसांनीच पाठवलं होतं. मी उत्तर लिहिलं तर मेल परत आली, त्या पत्त्यावर उत्तर घेतलंच जात नव्हतं. शेवटी फोनवर एक बाई म्हणाल्या, "थांबा, मी स्वतः बघते," आणि संध्याकाळी त्यांचा खरंच फोन आला. पत्र कुणी लिहिलं याने मला फारसा फरक पडला नसता. उत्तर द्यायला पलीकडे कुणी आहे का, एवढंच मी शोधत होते.

साधामाणूस
पानगळ यांच्या मुद्द्याला जोडून. एअर कॅनडाच्या एका प्रवाशाची आजी वारली. चॅटबॉटने त्याला सांगितलं की शोकप्रसंगीच्या प्रवासाची सवलत नंतर अर्ज करूनही मिळते. प्रत्यक्षात तसा नियम नव्हता. कंपनीने पैसे नाकारले, आणि चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतःच जबाबदार आहे असा बचाव केला. २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही, हे तिथे स्पष्ट झालं.

युरोपीय संघाच्या एआय कायद्यातही सार्वजनिक हिताच्या विषयावरचा एआयने लिहिलेला मजकूर तसा जाहीर करावा, अशी तरतूद आहे. माणसाने तपासून संपादकीय जबाबदारी घेतली असेल तर मात्र सूट आहे. म्हणजे दौत, पहिला मसुदा कुणाचा हे कायदा विचारत नाही. पण उलटतपासणी, 'तपासलं' हा शब्द जड आहे. सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने एआयकडून लिहून घेतलेले ७७ लेख संपादकांच्या नजरेखालून गेले होते, तरी २०२३ मध्ये त्यातल्या ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. गुळगुळीत मजकुरावरून डोळा घसरतो.

दौत
पानगळ, तुमचं पटलं. साचे आम्हीच बनवले आणि त्यात माणूस नव्हता, हे मान्य करते.

तरी पहिल्या मसुद्याचा आग्रह सोडवत नाही. कोरा कागद समोर असतो तेव्हा मला काही माहीत नाही हे टोचतं, म्हणून मी फोन उचलते. तयार मसुदा समोर आला की ते टोचणं थांबतं. त्या दिवशी वरिष्ठांना फोन करावासा वाटलाच नाही, कारण त्यांच्या हातात पूर्ण दिसणारं पत्र होतं. आमच्या कामातलं मोलाचं काम लिहिण्याआधीच होतं.

उलटतपासणी, एक विचारते. तुमचा वाचलेला वेळ खरंच फोनसाठी उरला का?

उलटतपासणी
प्रामाणिकपणे सांगतो, पूर्ण नाही. गेल्या वर्षी आम्ही तिघं होतो. एकजण सोडून गेला, ती जागा भरली नाही. 'आता एआय आहे ना' असं वरून सांगितलं गेलं. वेळ वाचला तो तिकडे गेला.

पण हा दोष वापरणाऱ्यांच्या निर्णयाचा आहे. कोऱ्या कागदाचं म्हणाल तर तो मला टोचत नाही, थकवतो. आधी माणसांशी बोलून चार गोष्टी जमवल्या आणि त्या यंत्राला दिल्या, तर तुमचं टेबलाटेबलाचं वाक्य त्यातही येईल.

साधामाणूस
येईल, पण ते वाक्य ठेवायचं की गाळायचं हे कोण ठरवणार?

उलटतपासणी
मी. खाली नाव माझं असेल.

दौत
नाव आणि थेट फोन नंबर दोन्ही असू द्या. बोलणं आधी, मसुदा नंतर, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. शोकाच्या पत्राबाबत नाही.

उलटतपासणी
परवा आमच्याकडे पगारवाढ थांबवल्याचं पत्र जायचंय. उद्या सकाळी पाचसहा जणांशी बोलून घेतो. मसुदा एआयकडूनच घेणार, नंबर मात्र माझा देतो.