जादूचा काढा: एक घोट आणि काम फत्ते?

रानवाटा:
अद्भुत कादंबऱ्यांतला जादूचा काढा मला खटकतो. एक घोट, की जखम भरली. लहान मूल प्यालं काय, धिप्पाड योद्धा प्याला काय, गुण सारखाच! खऱ्या काढ्याची गोष्ट याहून थरारक आहे. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांकडे १७७५ मध्ये एका म्हातारीचा गुप्त काढा आला. अंगावर पाणी चढून सुजलेली माणसं त्याने बरी होत, पण ओकाऱ्या-जुलाबांनी हैराणही होत. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणातली कामाची एकच, फॉक्सग्लोव्ह, हे त्यांनी ओळखलं. पान कधी तोडायचं, किती द्यायचं, कुठे थांबायचं, यात दहा वर्षं गेली. १७८५ च्या पुस्तकात त्यांनी बरे न झालेले रुग्णसुद्धा नोंदवले. असा वैद्य कादंबरीत का भेटत नाही?

शाईचा डाग:
अजिबात पटलं नाही. कादंबरीतला काढा रोग बरा करायला नसतोच, तो पात्राला कात्रीत पकडायला असतो. चांगल्या लेखकाच्या कथेत जादूचा मंत्रही फुकट चालत नाही. आवाज जातो, आठवण पुसली जाते, आयुष्याची वर्षं कमी होतात. ‘तू काय द्यायला तयार आहेस?’ हा तिथला प्रश्न. मात्रेचा हिशेब घातलात की तो प्रश्नच मरतो.

तिसरा प्रहर:
मात्रेत नाट्य नाही असं कसं म्हणता? त्याच वनस्पतीच्या कुळातलं डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध माझी आजी घ्यायची. पाव मिलिग्रॅमची गोळी, नखावर मावेल एवढी. गोळी दिली की कॅलेंडरवर फुली मारायची, म्हणजे चुकून दोनदा जायला नको. एकदा ती म्हणाली, दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय. जेवणावरची वासनाही उडाली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी बंद करून रक्त तपासलं. औषध अंगात साठत गेलं होतं. हृदय सावरणारी गोळी आणि विष यांत एवढंच अंतर!

शाईचा डाग:
हे वाचून थांबले. ती फुली कथेत हवी, मान्य. पण मंत्राचं मी सोडणार नाही. शब्द उच्चारताच जग बदलावं, ही माणसाची फार जुनी भूक आहे. तिला प्रयोगशाळा लावू नका.

रानवाटा:
मंत्र तुमचा. मला फक्त काढा उकळणारी ती म्हातारी हवी आहे. दुसऱ्या घोटाला हात धरणारी.