लोगन (यूटा) येथे मोटारीविना पहिले वर्ष काढता येईल का?

ओढ्याकाठचा: पत्नीला यूटा स्टेट विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला असून ऑगस्टमध्ये आम्ही तिघे पुण्याहून लोगनला जाणार आहोत. विद्यावेतनातच घर चालवायचे असल्याने पहिले वर्षभर मोटार घेऊ नये, असा आमचा विचार आहे. विद्यापीठाजवळ टेकडीवर भाडे जास्त दिसते, तर खाली मेन स्ट्रीटच्या पश्चिमेला तेवढ्याच पैशांत एक खोली अधिक मिळते. मुलगा चार वर्षांचा आहे आणि थंडीत त्याला धाप लागते. डोंगरातली हवा म्हणजे शुद्धच असणार, असे घरातले सगळे धरून चालले आहेत. मी मात्र तिथे हिवाळ्यात हवा बिघडते असे वाचले. घर कुठे घ्यावे आणि थंडीची काय तयारी ठेवावी, हे तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगावे.

देवदार: आपण वाचलेत ते खरे आहे आणि हवा बिघडते ती डोंगरांमुळेच. लोगन ज्या खोऱ्यात आहे ती कॅश व्हॅली ही चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली खोलगट जागा आहे. बर्फ पडून गेल्यावर आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला, की थंड, जड हवा तळाशी साचते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि खालचा धूर कित्येक दिवस बाहेर पडत नाही. त्यातच मोटारींच्या धुरातले वायू आणि खोऱ्यातल्या गोठ्यांमधून येणारा अमोनिया यांच्या संयोगातून अतिसूक्ष्म कण तयार होतात. अशा कणांमुळेच 2009 मध्ये केंद्र सरकारने लोगन परिसराला हवेच्या निकषांत न बसणारा ठरवले होते. 2021 मध्ये तो शिक्का पुसला गेला, तरी डिसेंबर-जानेवारीत वाईट दिवस अजूनही येतात. लोगन कॅन्यनमधून गाडीने वर बीव्हर माउंटनकडे गेले की अशाच दिवशी लख्ख ऊन असते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.

मुलासाठी झोपण्याच्या खोलीत हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचे हवाशुद्धीकरण यंत्र ठेवा, घर पाहताना घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीची गाळणी कोण आणि कधी बदलते ते घरमालकाला विचारा आणि राज्याच्या हवा विभागाचा रोजचा अंदाज पाहूनच त्याला खेळायला बाहेर सोडा. त्याच्या औषधांविषयी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांशीच बोला. टेकडीवर घर घेतल्याने या धुरातून सुटका होईल असे समजू नका, कारण थर जाड असला की विद्यापीठही त्यातच असते.

पायवाट: मोटारीविना राहता येते, आम्ही राहिलो आहोत. लोगनची शहर बससेवा 1992 पासून विनाशुल्क आहे. तिकीट नाही, पास नाही, चढायचे आणि बसायचे. विद्यापीठाच्या बसगाड्याही फुकट आहेत. अडचण रविवारची आहे, कारण त्या दिवशी शहर बस धावत नाही आणि बहुसंख्य वस्ती रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून पाळणाऱ्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची असल्याने बरीच दुकानेही बंद असतात, त्यामुळे बाजारहाट शनिवारीच उरकावा लागतो.

घराबाबत माझे मत सरळ आहे: खाली घ्या, पण बसथांब्याला लागून. नकाशात विद्यापीठ जवळ दिसते, परंतु ते बोनव्हिल या प्राचीन सरोवराच्या काठी गाळ साचून तयार झालेल्या उंच पायरीवर वसले आहे आणि बर्फ गोठलेला असताना ती चढण मुलाला घेऊन चढणे मुळीच सोपे नाही. एका खोलीच्या मोहात थांब्यापासून लांब जाऊ नका.

हिमगौरी: बसचे कौतुक मान्य, पण मूल लहान आणि धाप लागणारे असेल तर हिवाळ्यापूर्वी जुनी का होईना मोटार घ्यावी, असे मला वाटते. रविवारी रात्री ताप चढला तर बसचा काय उपयोग? शिवाय विमानतळ सॉल्ट लेक सिटीत, मोटारीने साधारण दीड तासावर आहे आणि वाटेतला सार्डिन कॅन्यनचा रस्ता हिमवादळात बंदही होतो. भाड्याच्या वाहनाने येणार असाल, तर पोहोचण्याची वेळ दिवसाची ठेवा.

ओढ्याकाठचा: सर्वांचे आभार. थांब्याजवळचे घर पाहतो आणि मोटारीसाठी नोव्हेंबरपर्यंत पैसे बाजूला ठेवतो. स्वयंपाकाचे काही वेगळे आणावे लागेल का?

देवदार: प्रेशर कुकर आणा आणि दोन-तीन रबरी रिंगा जादा ठेवा. लोगनची उंची साधारण महाबळेश्वराइतकीच आहे, त्यामुळे पाणी सुमारे 95 अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात हरभरे, राजमा शिजता शिजत नाहीत. दूध या खोऱ्यात उत्तम मिळते, इथला दुग्धव्यवसाय जुना आहे. विरजण मात्र थंडीत ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवल्याशिवाय लागत नाही.